सीमोल्लंघनाचा मान कोणाचा?

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात आणि दशमीला सीमोल्लंघन होते. या दहा दिवसांचे जे वर्णन पाठ्यपुस्तकांत आणि दिवाळी अंकांत आढळते, ते बहुधा देवीमाहात्म्यातील कथेपाशी सुरू होते: देवीने महिषासुराशी युद्ध केले, त्याला मारले, म्हणून हा विजयोत्सव. कथा खरीच थोर आहे. परंतु महाराष्ट्रात नवरात्र प्रत्यक्षात कसे साजरे होत आले, हे त्या कथेवरून फारसे कळत नाही. त्यासाठी मूर्तीकडून नजर काढून तिच्याभोवती वावरणाऱ्या माणसांकडे पाहावे लागते. पाणी कोण भरतो, फुले कोण आणतो, पालखी कोणाच्या खांद्यावर असते, गाभाऱ्यात कोण जातो आणि दाराबाहेर कोण थांबतो? आमच्या मते नवरात्राचा इतिहास हा या प्रश्नांचा इतिहास आहे. देवीच्या उत्सवात कोणाला काय करण्याचा अधिकार, ज्याला आपल्याकडे 'मान' म्हणतात, तो कसा वाटला गेला, कसा नाकारला गेला आणि त्यासाठी माणसे कशी भांडली, हे येथे थोडक्यात पाहू.

आरंभ घरापासून करणे योग्य. घटस्थापनेचा विधी शेतकऱ्याच्या घरात आजही जसा होतो, त्यात पुराणातील युद्धाची खूण जवळजवळ नाही. आपल्याच शेतातील काळी माती चाळून ती पत्रावळीवर किंवा परडीत पसरतात. तीत गहू, ज्वारी, हरभरा, करडई असे सात किंवा नऊ प्रकारचे धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. वर रोज एक माळ चढते; झेंडू, कारळा, तिळाची फुले, त्या ऋतूत बांधावर जे फुलते ते. घट पाझरतो, माती ओली राहते आणि धान्य उगवून येते. नवव्या दिवसापर्यंत ते वीतभर वाढते. दसऱ्याला घट उठले की ते पिवळसर कोंब, ज्यांना 'धन' म्हणतात, देवाला वाहून पुरुष टोपीत खोवतात आणि बायका केसांत माळतात. कोल्हापूर-सोलापूरकडे घटावर कडाकण्या टांगतात. खरीप काढणीला आलेले आणि रब्बीची पेरणी तोंडावर, अशा वेळी घरातच केलेली ही बियाण्याची परीक्षाच आहे, असे अनेकांनी म्हटले आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात कुंभ, भूमी आणि मातृदेवता यांचे नाते उलगडून दाखवले आहे. ते वाचल्यावर घटाकडे केवळ पूजेचे एक पात्र म्हणून पाहणे कठीण होते. घट हेच देवीचे रूप आहे. मूर्ती पुढे आली असावी; माती आधीची.

या गृहस्थ नवरात्रात पुरोहित असलाच पाहिजे असे नाही. माळ बांधणे, दिवा अखंड तेवत ठेवणे, नऊ दिवस उपास करणे, अनवाणी राहणे हे सारे घरचेच करतात आणि त्यातील बहुतेक भार घरच्या बाईवर असतो. तिच्या हातचे हे काम आहे, पण कुलाचार मात्र सासरच्या कुळाचा. ती ज्या देवीचा दिवा सांभाळते, ती तिच्या माहेरची असेलच असे नाही. ही विसंगती बायकांना कळत नव्हती असे मानण्याचे कारण नाही. त्याच दिवसांत अंगणात भोंडला रंगतो. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती रेखून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. कोठे याला हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई बसते. या गाण्यांतून सासू, नणंद, भावजय यांची जी मनसोक्त थट्टा चालते आणि माहेरच्या वाटेचा जो ध्यास ऐकू येतो, तो देव्हाऱ्यापुढे उच्चारता येत नव्हता. अंगणात येत होता. शेवटी खिरापत काय आहे ते ओळखायचे आणि वाटून खायची. ना मंत्र, ना मुहूर्त, ना दक्षिणा. नवरात्राच्या साऱ्या विधींत बायकांच्या मालकीचा असा हा एकच कोपरा होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

घरातून आता कुलस्वामिनीच्या दारी जाऊ. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ, अशी साडेतीन शक्तिपीठांची गणना मराठी माणसाला ठाऊक असते. त्यांपैकी तुळजापूरचे नवरात्र आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. म्हणून तेथे देवी खरोखरच झोपते आणि उठते. भाद्रपद वद्य अष्टमीला ती पलंगावर निजते; ही घोर निद्रा. प्रतिपदेला पहाटे ती पुन्हा सिंहासनावर येते आणि दुपारी घटस्थापना होते. मग रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी अशा अलंकारपूजा बांधल्या जातात. दसऱ्याच्या पहाटे मूर्तीला साड्यांच्या वेष्टनात गुंडाळून पालखीत बसवतात आणि कुंकवाच्या उधळणीत, उदोकाराच्या गजरात तिचे सीमोल्लंघन होते. त्यानंतर दमलेली देवी नव्या पलंगावर पौर्णिमेपर्यंत विसावते, ही श्रमनिद्रा. लढून आलेल्या बाईला पाच दिवस झोपू द्यावे, ही कल्पना कोणा शास्त्रकाराला सुचण्यासारखी नाही. ती घरातल्या कष्टकरी बाईला ओळखणाऱ्या मनातून आली आहे.

परंतु पलंग येतो कोठून? तो पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला तयार होतो आणि नगरमार्गे (आता अहिल्यानगर) गावोगावचे स्वागत घेत तुळजापूरला पोचतो. पालखी राहुरीला घडते आणि नगरजवळच्या बुऱ्हाणनगरातून निघते. पलंग आणि पालखी या दोहोंशी परंपरेने तेली समाजाचा मान निगडित आहे. सुतार-लोहारांचे हात त्यांना लागलेले असतात. मुख्य पूजेचा अधिकार असलेले भोपे पुजारी मराठा समाजातील आहेत. गोंधळी संबळ आणि तुणतुणे घेऊन देवीचा गोंधळ घालतात. कवड्यांची माळ घालून, परडी हाती घेऊन, पोत पेटवून नाचणारे आराधी अनेक जातींतून येतात. हे सारे मिळून जो उत्सव उभा राहतो, तो कोणा एकाचा नाही. शेकडो किलोमीटरवरच्या गावातील सुताराने रंधा मारल्याशिवाय देवीला झोप नाही, अशी ही रचना आहे.

तेव्हा जुन्या उत्सवाविषयी एक समज रूढ आहे, की तो ब्राह्मणी कर्मकांडाने व्यापलेला होता आणि बाकीचा समाज केवळ प्रेक्षक होता, तो तुळजापुरापुरता तरी टिकत नाही. येथे प्रेक्षक कोणीच नव्हता. पण याच कारणाने दुसरा समजही टिकत नाही: सर्वांना काम होते, म्हणजे सर्वांना समान स्थान होते, हा. मान जन्माने मिळत होता आणि जन्मानेच बंद होत होता. पालखी आणणाऱ्याने पूजा मागायची नाही, वाजवणाऱ्याने गाभारा मागायचा नाही. बलुतेदारीची जी चौकट गावात होती, तीच देवळात होती. तिला कुंकू लावलेले होते एवढेच. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात जोगवा हा लोकप्रकार उचलला आणि देवीपुढे परडी पसरून मागायचे ते बोधाचे दान, असा त्याचा अर्थ फिरवला. ज्या परडीत पीठमीठ पडायचे, तीत त्यांनी विवेक मागितला. त्यांनी विधी मोडला नाही, आतून उजळला. बाहेरची चौकट हलायला आणखी बराच काळ जावा लागला.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला महाराष्ट्रात एक राजकीय अर्थही आहे. पावसाळ्यात नद्या-ओढे फुगलेले, वाटा चिखलाने बंद; त्यामुळे फौजा छावणीत येत आणि दसऱ्याला मोहिमेवर निघत. शिवकाळातील ही पद्धत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवली आहे. अफझलखानाने १६५९च्या स्वारीत तुळजापूरच्या देवीला उपद्रव दिल्याची हकिकतही तेथे येते आणि पुढे महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. खंडेनवमीला शस्त्रे पुजायची, दशमीला शमीचे पूजन करून आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटायची आणि गावाची शीव ओलांडायची. १८१८ला पेशवाई गेली आणि शीव ओलांडून जिंकायचा मुलूखच उरला नाही. संस्थानांत मिरवणुकी राहिल्या, कोल्हापूरचा शाही दसरा तर आजही थाटात होतो. पण सीमोल्लंघनाचा मूळ अर्थ रिकामा झाला होता. ती रिकामी जागा विसाव्या शतकात कोणी आणि कशी भरली, हा या कथेचा महत्त्वाचा भाग आहे.

पुण्यात १८९३-९४ साली गणेशोत्सव सार्वजनिक झाला. घरातला देव चौकात आणल्यावर एक प्रश्न अटळ होता. घरातल्या देवाची पूजा घरच्यांनी करायची हे ठीक. चौकातला देव कोणाच्या घरचा? 'सार्वजनिक' या शब्दात कोण कोण येते? महात्मा फुल्यांनी १८७३ला सत्यशोधक समाज स्थापन करून भटजीच्या मध्यस्थीलाच आव्हान दिले होते. कोल्हापुरात १८९९ला सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणाने प्रत्यक्ष छत्रपतींच्या घरातही मंत्राचा अधिकार वादग्रस्त असल्याचे दाखवून दिले. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ला मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. या पार्श्वभूमीवर १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हा प्रश्न उघडपणे मांडला गेला.

प्रबोधनकार ठाकरे यांनी 'माझी जीवनगाथा' या आत्मचरित्रात ही हकिकत सविस्तर सांगितली आहे. उत्सवाला वर्गणी सर्वांची, मग मूर्तीची पूजा करण्याचा हक्क अस्पृश्यांना का नाही, असा सवाल टाकला गेला. रावबहादूर बोले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि स्वतः प्रबोधनकार त्या वेळी तेथे होते. वातावरण हातघाईवर आले. अखेर तडजोड निघाली ती अशी: पूजा ब्राह्मण पुजारी करील, अस्पृश्य समाजातील एका कार्यकर्त्याने स्नान करून फुले पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि ती पुजाऱ्याने मूर्तीला वाहायची.

या तडजोडीपाशी आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. वरवर पाहता ती एक पायरी पुढे होती. फूल अस्पृश्याच्या हातून निघून देवापर्यंत पोचले. पण फूल पोचले, हात पोचला नाही. मध्ये आणखी एक हात होता आणि तो मध्ये असलाच पाहिजे, हे दोन्ही बाजूंनी मान्य करून घेतल्याखेरीज तडजोड झालीच नसती. तुळजापूरच्या रचनेत प्रत्येकाला ठरलेले काम होते. दादरच्या चौकात प्रथमच कोणीतरी ठरलेले काम नको म्हणाले आणि समान काम मागितले. जुन्या 'माना'चे नव्या 'हक्का'त रूपांतर होण्याचा हा क्षण आहे. पुढच्याच वर्षी, मार्च १९२७मध्ये, महाडच्या चवदार तळ्यावर हाच प्रश्न पाण्याच्या संदर्भात उभा राहिला.

प्रबोधनकारांच्या सांगण्याप्रमाणे तो गणेशोत्सव त्यानंतर बंद पडला आणि त्याच साली लोकहितवादी संघाच्या वतीने दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू करण्यात आला. देवीला नाव दिले 'शिवभवानी'. ही निवड सहज झालेली नव्हती. नवरात्र हाच महाराष्ट्राचा खरा जुना लोकोत्सव, त्याचे नाते शिवछत्रपतींशी आणि म्हणून तो बहुजनांचा, अशी त्यामागची भूमिका होती. ज्या देवीच्या पालखीला तेल्याचा आणि पूजेला मराठ्याचा हात लागत आला, तीच देवी चौकात आणली की पुरोहिताची मध्यस्थी आपोआप दुय्यम होईल, हा विचार त्यामागे दिसतो. आज मुंबईत आणि राज्यभर गल्लोगल्ली जी नवरात्र मंडळे उभी आहेत, त्यांच्या वंशवृक्षात हा १९२६चा उत्सव आहे. मंडप घालणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

दादरच्या त्या तडजोडीच्या वेळी हजर असलेल्या एका व्यक्तीने तीस वर्षांनंतर दसऱ्याचाच दिवस निवडला. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी, नागपूर. डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सम्राट अशोकाच्या स्मृतीशी जोडलेली अशोक विजयादशमी म्हणून त्यांनी हा दिवस स्वीकारला होता. अनुयायांना त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपती आदी हिंदू देवदेवतांना न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. 'सीमोल्लंघन' हा शब्द आपण आपट्याच्या पानांसारखा दरवर्षी सहज वाटतो. शब्दशः आणि पूर्णार्थाने सीमोल्लंघन आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात एकदाच घडले, ते त्या दिवशी. फुलाला देवापर्यंत जायला दुसऱ्याचा हात लागतो, तर ते फूल न वाहणेच बरे, असा त्याचा एक अर्थ आम्ही लावतो. ज्यांना हा अर्थ कठोर वाटेल, त्यांनी १९२६ आणि १९५६ ही दोन साले शेजारी ठेवून पाहावीत.

दसऱ्याची ती रिकामी जागा इतरांनीही भरली. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५च्या विजयादशमीला नागपुरातच झाली. प्रबोधनकारांचे चिरंजीव बाळासाहेब ठाकरे यांनी १९६६ला शिवसेना स्थापन केली आणि तिचा शिवाजी पार्कवरचा दसरा मेळावा ही पुढे मुंबईची परंपरा होऊन बसली. एका दसऱ्याला एकाच राज्यात माणसे इतक्या वेगवेगळ्या शिवा ओलांडायला निघतात, हे महाराष्ट्राचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. यांपैकी कोणत्या शिवेपलीकडे काय आहे, हे वाचकांनी आपापल्या मतीने ठरवावे.

आता सांप्रतचे. मान आणि हक्क यांचा झगडा संपलेला नाही. त्याचे पात्र बदलले. एप्रिल २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिलांना मंदिरप्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. त्यासाठी आधार घेतला तो १९५६ सालच्याच मंदिरप्रवेशाच्या कायद्याचा. नागपूरच्या दीक्षेचेही तेच वर्ष. त्याच महिन्यात कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी जाण्यावरून तणाव निर्माण झाला. देवी स्त्री, तिचे नवरात्र राखणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया, आणि तिच्या गाभाऱ्याचा उंबरा मात्र स्त्रीसाठी वादाचा. घरच्या घटापाशी जी अडचण दिवा सांभाळणाऱ्या बाईला अस्पष्टपणे जाणवत होती, तीच आता न्यायालयाच्या भाषेत बोलू लागली.

दुसरीकडे एक निराळाच बदल चुपचाप घडला. २०००नंतरच्या पहिल्या दशकात मुंबईच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीतून नवरात्राच्या नऊ रंगांची टूम निघाली. वारावरून ठरणाऱ्या या रंगांना धर्मशास्त्राचा आधार नाही. पण कचेऱ्या, लोकलचे डबे, महाविद्यालयांचे स्टाफरूम एका रंगात न्हाऊन निघू लागले. गुजरातचा गरबा आणि दांडिया तर त्याआधीच आले होते. या साऱ्याची चेष्टा करणे सोपे आहे आणि आमच्या पिढीतील प्राध्यापक मंडळी ती आवडीने करतात. आम्हांला त्यात एक चांगली गोष्ट दिसते: पिवळी साडी नेसायला जात विचारली जात नाही. सफाई कामगार आणि अधिकारी एका दिवशी एका रंगात उभ्या राहतात, हे थोडे नाही. पण त्या रंगात कोणालाही काही करायचे नसते. ते केवळ दिसणे आहे. मंडळाच्या मंडपात मूर्ती तयार येते, आरास कंत्राटाने होते, गाणे यंत्रावर वाजते आणि आपण छायाचित्र काढून पुढे सरकतो. तुळजापूरच्या चौकटीत विषमता होती, पण प्रत्येकाच्या हाताला काम होते. आजच्या मंडपात समता आहे, पण हात रिकामे आहेत.

यावर जुन्याकडे परत चला, असा उपाय आम्ही सुचवणार नाही. ज्यांना परतायला जागाच नव्हती, त्यांची आठवण ठेवून बोलले पाहिजे. १९२६ला दादरमध्ये जे मागितले गेले, ते दर्शन नव्हते. दूरून दर्शन तर मिळतच होते. मागणी होती ती काम करू देण्याची, स्वतःच्या हाताने फूल वाहू देण्याची. ही मागणी पूर्ण होईपर्यंत उत्सवातून काम हेच नाहीसे झाले, ही या इतिहासातील विपरीत गोष्ट आहे. समतेच्या चौकात कामाची वाटणी कशी करायची, हा प्रश्न आपण सोडवला नाही. तो कंत्राटदाराकडे सोपवून मोकळे झालो.

घटाच्या विधीत मात्र या प्रश्नाचे एक साधे उत्तर अजून शिल्लक आहे. तेथे माती कोणाचीही चालते, धान्य कोणीही पेरावे, पाणी कोणीही घालावे. उगवायचे ते उगवतेच. बियाणे हात कोणाचा हे विचारत नाही. मंडळांनी येत्या आश्विनात भल्या मोठ्या मूर्तीशेजारी एक परडी मातीची ठेवावी आणि वस्तीतील प्रत्येक घराने आपल्या हाताने तीत मूठभर दाणे टाकावेत. ज्यांनी देवीलाच रजा दिली आहे त्यांनाही, त्यांची इच्छा असेल तर, मातीत दाणा टाकायला अडचण वाटू नये. नवव्या दिवशी काय उगवते ते सर्वांना दिसेल.